गायींना चरायला शिकवताना

पावसाळा सरल्यावर पहिल्यांदा गायी गवतात सोडल्या, तर तिघी सोडल्या तिथंच उभ्या. गुडघ्याएवढं हिरवंगार गवत, आणि या आपल्या फाटकाकडं तोंड करून माझ्या नावानं हंबरतायत. वाढणारी बाई बाहेर काय करतेय, असा त्यांचा सवाल होता.

चूक त्यांची नव्हती. तिघी आमच्याच गोठ्यात जन्मल्या, दावणीलाच वाढल्या. गवत जमिनीत उभं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना ठाऊक फक्त कुट्टी, बारीक कापून पाटीतून गव्हाणीत पडणारी.

आणि ती पाटी माझ्या डोक्यावर. पहाटे शेण, मग धारा, मग घास कापा, आणा, कुट्टी करा, पाणी दाखवा, पुन्हा शेण. एंजलचे पप्पा, म्हणजे माझे मिस्टर जेम्स, नागापूरला कंपनीत. येतात ते जेवून आडवे होतात. एंजल नर्सिंगला पुण्यात. उजवा खांदा असा धरला होता की रविवारी चर्चमध्ये गाण्याचं पुस्तकसुद्धा डाव्या हातात धरायचे. कंटाळले होते, आणि तसं म्हणायचाही कंटाळा आला होता.

बरं, एवढं करून गायी तरी धड असाव्यात! पेंडीनं पोट बिघडायचं, ओल्या शेणात उभं राहून खुरं कुजायची, एकीची कास बरी होईतो दुसरीची सुजलेली. एंजलचे पप्पा म्हणाले, "नाताळापतूर बघू. न्हाई जमलं तर इकून टाकू. तुजा हात कायमचा जाईल." त्यांचं चुकत नव्हतं. पण गायी माझ्या होत्या. त्या गेल्या तर या घरात माझं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून ऊस निघालेल्या रानात गवत लावलं होतं. मोकळं चरू द्या, म्हणाले, दूध थोडं कमी होईल, पण जनावर निरोगी राहील आणि तुमचे कष्ट निम्म्यावर येतील. रानाभोवती कुंपणाला झटका मशीनची, वीज खेळवलेली तारही ओढून झाली. एवढं सगळं झालं, आणि महाराण्या फाटकाशी उभ्या.

संध्याकाळपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग विळा घेऊन आत गेले, तिथलंच गवत कापलं आणि त्यांच्या पुढ्यात टाकलं. लगेच खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढं पुढं तर मी आत शिरले की तिघी माझ्यामागं चालायला लागल्या. डोक्यावरची पाटी गेली आणि रानातलं वाकणं आलं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. वर दूध तुटलं ते वेगळंच.

बांधापलीकडच्या बनुमावशी आपली गावरान गाय कपिली चारता चारता हे बघत होत्या. एका सकाळी त्यांनी कपिलीला आमच्या रानात आणून सोडलं. तिनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. जिभेनं गवत वेटाळायचं, हिसका द्यायचा, की पुढचं पाऊल. आमची ठिपकी नुसती बघत राहिली. मी विळा उचलला.

"दया, ठिव त्यो खाली," मावशी म्हणाल्या.

"सकाळपासनं उपाशी हायत वो त्या."

"मंग शिकतील की. गायच्या जातीला गवत खाया किती येळ लागतोय? मला तुजीच काळजी हाय. तू कवा शिकशील?"

मला रागच आला. म्हटलं, "बसून खायचं आमच्या नशिबात न्हाई, मावशी."

मावशींनी कपिलीला तिथंच ठेवलं आणि माझा विळा घेऊन घरी गेल्या.

तो दिवस फार जड गेला. त्या हंबरायच्या आणि माझे हात शिवशिवायचे. दुपार कलल्यावर हंबरणं थांबलं. भीत भीत पाहिलं, तर ठिपकीचं तोंड गवतात. झुबका मुळासकट उपटून आला, तोंडात माती गेली, पण तिनं पुन्हा मान खाली घातली. तिचं बघून दुसरीनं, मग तिसरीनंही.

दूध पहिल्याएवढं झालं नाही, खोटं कशाला बोलू. पण डेअरीवर फॅट चांगली लागायला लागली, पेंड नावापुरती उरली. शेण रानात पडून तिथंच खत व्हायचं. खुरं कोरडी झाली, कास कुणाचीच सुजली नाही. एंजलच्या पप्पांना मात्र कमी झालेलं दूधच दिसत होतं. नाताळ जवळ आला तसं त्यांनी मला न विचारता व्यापाऱ्याला सांगून ठेवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी माझं काम संपलं. म्हणजे खरोखरच संपलं. गोठा कोरडा, कुट्टी मशीनवर कोंबडी बसलेली. काय करावं सुचेना, म्हणून रानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसले. बसल्यावर इतक्या वर्षांचा शीण एकदम अंगात उतरला आणि मी रडले. दुःख काही नव्हतं, नुसती थकले होते.

पहिली पाळी करून आलेले एंजलचे पप्पा गाडी तशीच टाकून पळत आले. "काय झालं? पडली का कुटं?" माझ्या कपाळाला हात लावला. "चल, दवाखान्यात जाऊ."

"अहो, कायी झालं न्हाई. बसलीय."

"बसलीय म्हंजी?"

"नुसती बसलीय. काम न्हाई कायी."

ते माझ्याकडं बघत राहिले. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मला अशी बसलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मग चरणाऱ्या गायींकडं पाहिलं, खिशातला मोबाईल काढला आणि व्यापाऱ्याला फोन लावला.

"उद्या येऊ नगा," म्हणाले. पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं.

"दया बसलीय," ते म्हणाले.