नकाशातले आबा

कुंपणानेच शेत खाल्लं, तर राखणदाराने कुणाकडे बघायचं? मी प्रेमराजनानांकडे बघत आले होते.

नाना आमच्या जळगावातले जुने आर्किटेक्ट, आमच्या संघटनेचे अध्यक्ष, माझे गुरू. इमारतीच्या चित्रात मापासाठी शेजारी माणूस काढतात. नाना तिथे कायम आपल्या वारलेल्या वडिलांना काढायचे. गिरधरआबा, टोपी तिरकी, एक हात कमरेवर, ‘काय बांधलं रे हे?’ असं विचारल्यासारखे. ते बघून मी माझ्या चित्रांत आईला काढू लागले. द्रौपदाबाई, डोक्यावर घमेलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या स्लॅबवर माल चढवला.

यंदा हिवाळ्यात आसोद्याच्या मळ्यात आमची भरीत पार्टी झाली, तेव्हा नानांनीच विषय काढला होता. आमच्या कायद्यात बदल येऊ घातलाय. आर्किटेक्ट ही पदवी तेवढी आमची राहणार, नकाशे मात्र कुणीही काढावेत, कंपन्यांनीसुद्धा. नकाशावर माणसाचं नाव नको, शिक्का नको.

“उद्या छत पडलं तर कुणाची गचांडी धरायची?” नाना गरजले. केळीच्या पानावरचं भरीत तसंच टाकून त्यांनी हात वर केला. “असल्या कंपनीचं काम कुणी घ्यायचं नाही!” आम्ही सगळ्यांनी भरताचेच हात वर केले.

तेव्हा नरडाण्याच्या अशाच एका कंपनीचं काम माझ्या दारात आलेलं होतं. त्यावर माझं ऑफिस तरलं असतं. नानांना विचारलं, तर म्हणाले, “नाही म्हण. तू फुटलीस तर सगळे फुटतील.” मी नाही म्हटलं. मदतीला होती त्या पुनमला दुसरीकडे काम बघायला सांगितलं, तेव्हा तिच्याकडे बघवलं नाही.

कायद्यातल्या बदलावर हरकत घ्यायला धुळ्यात आमची सभा होती. मी चोपड्याचं एक घर बघून शिरपूरमार्गे निघाले. नरडाण्याला त्याच कंपनीच्या जागेवर मोठा फलक लागला होता, होणाऱ्या इमारतीचं चित्र असलेला. आर्किटेक्टचं नाव कुठेच नाही. आणि दारापाशी आबा उभे. टोपी तिरकी, हात कमरेवर.

मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. लाज कसली? बापाने फसवल्यासारखं वाटत होतं.

धुळ्यात नाना सभागृहाबाहेर एकटेच चहा पीत होते. मी सरळ विचारलं, “नरडाण्याचं चित्र तुमचं?”

त्यांनी कप खाली ठेवला. मग ते घरच्या बोलीत आले, गोड बोलायचं असलं की येतात तसे. “कायदा ते व्हनारच शे, पोरी. मी नही जातु ते दुसरा जाता. तू बी ये ना. तुनी मायले बी उभी कर त्या चित्रात. नाव कसाले जोयजे?”

नाव कशाला हवं, हे नाना मला विचारत होते. ते माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले.

भाषण मात्र झकास केलं त्यांनी. छत पडलं, गचांडी धरली, टाळ्या झाल्या. शेवटी हात वर करून म्हणाले, “बिननावाचं काम कुणी घ्यायचं नाही!” सगळे हात वर गेले. माझा गेला नाही.

“संघमित्रा, तुझा हात?” त्यांनी हसतच विचारलं. मी गप्प बसेन अशी त्यांची खात्री होती. पंधरा वर्षं मी त्यांच्यापुढे बसलेच होते.

मी उठले. “माझ्या आईने जन्मभर बिननावाच्याच इमारती बांधल्या, नाना. तिला मी परत तिथे उभी करणार नाही. तुम्ही मात्र आबांना नरडाण्याच्या फलकावर उभं करून आलात, आणि खाली स्वतःचं नाव लिहायची लाज वाटली तुम्हाला.”

सभेतल्या प्रत्येकाला नानांच्या चित्रांतले आबा माहीत होते. एकेक हात खाली आला. नानांचा तेवढा वरच राहिला होता.