टोपीतलं शिळं पाणी

"हौशीराम, वर्षात हा तिसरा सेन्सर गेला. चौथाही गेला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल," एवढं बोलून मालकांनी फोन ठेवला.

मळवलीच्या त्या बंगल्यावर हौशीराम अकरा वर्षं राखणदार होता. कुणाची बोट दाखवायची टाप नव्हती. पण पोहायच्या टाकीत पाण्याची आम्लता मोजणारा हा सेन्सर, टोकाला काच असलेली वीतभर नळी, आला आणि त्याची झोप उडाली.

चौथा सेन्सर बसवायला वराळ्याहून समीक्षा आली. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही याला करता तरी काय?"

"जीव लावतो, दुसरं काय? दर सोमवारी भायेर काढतो, राखंनं चकचकीत घासतो, उनात वाळवतो. मंग त्याची टोपी घालून रातभर फळीवर ठिवतो."

"टोपीत पाणी असतं, ते?"

"त्ये शिळं. वतून देतो."

समीक्षानं कपाळावर हात मारला. "अहो, ते खारं औषध आहे. त्यातच काच जिवंत राहते. कोरडी पडली की मरते, घासली की चरे पडतात. क्लोरीन भसाभस ओतलं तरी आयुष्य घटतं. नीट सांभाळला तर दोनेक वर्षं चालतो, मग म्हातारा होतोच."

उंबऱ्यात तांदूळ निवडणारी कस्तुराबाई नवऱ्याकडं बघून हसली. "भाताच्या आवणीला रोपं उपटल्यावर मुळ्या उनात वाळवता का वो तुमी?"

काचेचं बोलणं हौशीरामच्या डोक्यावरून गेलं होतं, मुळ्यांचं मात्र काळजात बसलं. त्या दिवसापासून राख चुलीतच राहिली. टाकी उपसायची झाली की आधी सेन्सर टोपीत जायचा, टोपीत औषध आहे ना हे तो दोनदा बघायचा, आणि क्लोरीन मापानंच पडायचं.

दोन दिवाळ्या गेल्या. तिसरीच्या तोंडावर आकडे नाचायला लागले. हौशीरामच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यानं समीक्षाला बोलावून घेतलं. समीक्षानं ठरावीक आम्लतेच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत सेन्सर बुडवून पाहिला, आकडे जुळेनात.

"गेला, आबा."

"माज्या हातानं?"

"नाही. म्हातारपणानं."

हौशीरामला एवढा आनंद झाला की त्यानं मळवलीतून पेढे आणले. "मयताला पेढे वाटणारं पयलंच घर आपलं," कस्तुराबाई म्हणाली आणि तिनंही एक उचलला.

मालकांनी नवा सेन्सर तर धाडलाच, वर निरोपही दिला, की शेजारच्या बंगल्यात दर चार महिन्यांनी सेन्सर जातो, तिथल्या माणसाला जरा शिकवा.

दुसऱ्या दिवशी हौशीराम शेजारच्या सीतारामपुढं मांडी घालून बसला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आदी मला सांग, आवणीला मुळ्या उनात वाळवतोस का रं?"

कुंपणापलीकडं धुणं वाळत घालणारी कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली.