सुधारणेचं पान

पुरुषोत्तमच्या पत्राला जनकोजींनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरले असते तर बरं झालं असतं. अंबत्तूरचा पत्ता, निळी शाई आणि शेवटची ओळ त्यांना पाठ होती. ‘परवाना आता नको, वय गेलं. फक्त ती सोय होती की नव्हती, एवढं कळवा.’

नोकरीत जनकोजींचं काम असं होतं, की सांगायला घेतलं तर ऐकणाऱ्याला जांभई यावी. विमान कुठल्याही देशाचं असो, त्याचे नियम सगळ्या देशांनी मिळून ठरवलेले असतात. ते माँट्रियलहून छापून यायचे. आपले नियम त्यांच्याशी जुळवायचे आणि जुळत नसतील तिथे तसं कळवायचं. नियम बदलला की अख्खं पुस्तक येत नसे, बदललेली सुटी पानं येत. जुनं पान बाइंडरमधून काढायचं, नवं घालायचं, आणि मग सुरुवातीच्या तक्त्यात सुधारणेचा क्रमांक नि तारीख लिहून सही करायची.

वीस वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी सही आधी केली. हात सवयीचा होता. जुनी पानं काढली, नवी घालत असताना कॉफी आली, आणि हातातलं पान त्यांनी खूण म्हणून लायब्ररीच्या कादंबरीत ठेवलं.

त्याच आठवड्यात पुरुषोत्तमची फाईल आली. हवाई वाहतूक नियंत्रक, वय अठ्ठावीस, तापानंतर डाव्या कानानं कमी ऐकू येतं. वर विचारणा होती, की अशा माणसासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत काही सोय आहे का. जनकोजींनी बाइंडर उघडला. पानांच्या आकड्यांत एक खड्डा होता. तो त्यांना दिसला नाही, कारण तक्त्यावर सही होती, आणि सही त्यांचीच होती. त्यांनी लिहिलं, ‘तरतूद आढळत नाही.’

तीन आठवड्यांनी कादंबरी परत करताना पान खाली पडलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं : ठरलेली पातळी गाठली नाही, तरी सुरक्षिततेला बाध येत नाही असं तज्ज्ञांचं मत पडलं, तर परवाना देता येतो. साहेबांना द्यायची दुरुस्तीची टिपणी त्यांनी चार वेळा लिहिली. चारही वेळा खिशातच राहिली. तोवर पुरुषोत्तमला भांडारात बसवलं होतं. पुढे त्यानं नोकरीच सोडली. त्याचं ते पत्र आलं, तेव्हा या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

आता घराला रंग द्यायचा होता म्हणून अन्नपूर्णाबाई कपाट रिकामं करत होत्या. त्यांच्या हाती एक पाकीट लागलं. आत ते पत्र, ते पान आणि उत्तराचे मसुदे.

“अहो, किती उत्तरं लिहिलीत?” त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. “प्रत्येकावर क्रमांक घातलाय. ही सुधारणा कितवी?”

“सतरावी असेल,” जनकोजी म्हणाले. त्यांचा चष्मा घामानं घसरत होता.

“हा पुरुषोत्तम कोण?”

त्यांनी सांगितलं. सांगायला वीस वर्षं लागली होती, पण सांगून व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अन्नपूर्णाबाई फडकं हातात घेऊन ऐकत राहिल्या.

“मग कळवलं का नाही?”

“तज्ज्ञांनी तरी हो म्हटलं असतं की नाही, कुणास ठाऊक. उगाच त्याला...”

“त्यानं ते विचारलंय का?”

अन्नपूर्णाबाईंनी पत्राची शेवटची ओळ त्यांच्यापुढे धरली.

“सोय होती का, एवढंच विचारलंय. बिचारा समजत असेल, आपल्यासाठी जगात कुठे नियमच नव्हता.”

“फार उशीर झाला गं. तो आता अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल.”

“आणि तुम्ही बहात्तर. अजून कुणाची वाट बघताय? माँट्रियलहून पान यायची?” त्या उठल्या. “पोदुम, पुरे झालं. मला भिंत रिकामी करायचीय. लिहा, नाहीतर मी लिहिते, माझ्या अक्षरात.”

ही धमकी खरी होती. जनकोजी जेवणाच्या टेबलाशी बसले. मागच्या मसुद्यांत आधी नोकरीतल्या कामाचा बोजा येई, मग कॉफी, मग नशीब. त्या दिवशी ते सगळं लिहिण्याइतकी ताकद उरली नव्हती. त्यांनी लिहिलं :

‘सोय होती. ते पान माझ्या हातून बाहेर राहिलं, आणि ते घातल्याची सही मी आधीच केली होती. आढळत नाही, असं लिहिलं ते चूक. तीन आठवड्यांत मला ते कळलं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. तज्ज्ञ काय म्हणाले असते, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाही, ते मी. पान सोबत आहे. हे पत्र कुणालाही दाखवा.’

खाली पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. सही करायच्या आधी पान पाकिटात घातलं, पाकीट उघडून पुन्हा पाहिलं, आणि मगच सही केली.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “उळ्ळे एन्न, सार?” आत काय आहे?

“कागद,” जनकोजी म्हणाले. “दोन.”

बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. जनकोजी क्षणभर तिथेच थांबले. मागच्या माणसानं घसा खाकरला, तेव्हा ते बाजूला झाले.