द्वारकाबाईचा विस्तव

आमच्या घराण्यात कर्तबगार माणसं फार होऊन गेली, असं आमच्या घराण्याचंच मत आहे. पणजोबांनी निजामाच्या तहसीलदाराला खुर्चीवरून उठायला लावलं होतं म्हणतात. तो जेवायची वेळ झाली म्हणून उठला होता, हा तपशील पुढं गळाला. अशा घरात आजी ही एकच व्यक्ती, जिच्याबद्दल कोणी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला तिनं जागाच ठेवलेली नाही.

तिची ही गोष्ट मी दोन माणसांकडून ऐकत आलो. एक माझे वडील, उत्तमराव. दुसरी त्यांची धाकटी बहीण, शकुबाई आत्या. अठ्ठेचाळीस साली मी जन्मलो नव्हतो. या प्रकरणात माझी तेवढीच बाजू भक्कम आहे. वडील सांगतात तेव्हा ते गर्दीत मागं उभे असतात. आत्या सांगते तेव्हा ते सगळ्यांत पुढं असतात आणि त्यांच्या हातात पलिता असतो. बाकी तपशिलात दोघांचं एकमत आहे.

आमचं गाव डोंगरकड्याहून वसमतला जाणाऱ्या गाडीवाटेवरचं. हळद, कापूस, जोंधळा. आजीचं नाव द्वारकाबाई. ऐन उमेदीत ती विधवा झाली, आणि त्यानंतर शेत, गुरं, लेकरं आणि चूल यांच्यात तिनं कधी डावंउजवं केलं नाही. चौघांनाही ती वेळेवर खायला घालायची. भाकरीचा पहिला तुकडा चुलीला. रात्री ती निखाऱ्याला गोवरीचा तुकडा लावून राखेखाली निजवायची आणि पहाटे फुंकून उठवायची. हा विस्तव तिच्या सासूनं तिच्या हवाली केला होता. सासूला तिच्या सासूनं. त्यापलीकडचं कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गावानं तो थेट रामाच्या काळातला ठरवून टाकला होता.

गावात काडीपेटी मिळत नव्हती असं नाही. पण पहाटे बाया खापर घेऊन आजीच्या दारात यायच्या आणि आजी प्रत्येकीच्या खापरात निखारा घालायची. होळी त्याच विस्तवानं पेटायची. हळद शिजवायच्या कढईखाली पहिला जाळ त्याचाच. तिरडीपुढं चालणाऱ्या मडक्यातही तोच. आजोबा गेले त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती. आजीनं पेटवली नाही. विझूही दिली नाही. राखेखाली जे चालतं ते शास्त्राला दिसत नाही, असं तिचं मत असावं.

देवळात ती सणावारी जायची, पण तिथं तिचं मन फारसं रमलेलं कोणी पाहिलं नाही. तिचा देव कोणता, असं विचारलं तर ती काही बोलायची नाही. चुलीकडं पाठ करून मात्र ती कधी बसली नाही.

कायदा तिचा एकच होता: दिवेलागणीनंतर विस्तव घराबाहेर द्यायचा नाही. लक्ष्मी जाते. खुद्द पोलीस पाटलाच्या चिलमीलाही तो अंधार पडल्यावर मिळाला नाही. पाटील नाराज झाला, पण सकाळी आला.

खापर घेऊन येणाऱ्यांत घरामागच्या गल्लीतली खतीजाबी असायची. तिचा नवरा मोहियोद्दीन पिंजारी. गावातल्या झाडून सगळ्या गाद्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याचं घर म्हणजे चार भिंतींत कोंडलेला कापूस.

"खतीजे," आजी म्हणायची, "घरात कापूस, अन् नेतीस निखारा. काहून जिवावर उठलीस?"

"कापूस मेरा, आग तुम्हारी, बाई," खतीजाबी म्हणायची. "जळलं तर आधं-आधं."

हा विनोद रोज व्हायचा आणि दोघी रोज हसायच्या.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांनी संतरामच्या धाकट्या भावाला चावडीसमोर मारलं. संतराम आमच्या भावकीतला, वडिलांच्या बरोबरीचा. भावाच्या चितेला विस्तव आजीच्या चुलीतून गेला. त्यानंतर गाव थांबलं नाही. गाड्या जुंपल्या, पैनगंगेपल्याड वऱ्हाडात जायचं ठरलं. आजी मडक्यात विस्तव घेऊन गाडीपाशी आली.

"माय, गाडीत कडबा हाय," वडील म्हणाले. "अन् धूर दिसला तर समदेच मरू. ठिव ते खाली."

आजीनं मडकं खाली ठेवलं नाही. ती घरामागच्या गल्लीत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. विस्तवाचं काय केलं, हे वडिलांनी विचारलं नाही. आजीला विचारायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. रझाकार पळाले, गाव परतलं. घरांना दारं नव्हती, कणग्यांत दाणे नव्हते. पण दुसऱ्या पहाटे आजीच्या चुलीतून धूर निघाला, आणि तेव्हा कुठं गावाला आपण घरी आल्यासारखं वाटलं. बाया खापरं घेऊन आल्या. विस्तव कुठून आला, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. विहिरीत पाणी असतं, तसा आजीच्या चुलीत विस्तव असायचा.

रझाकार पळाले तरी राग गावातच राहिला होता, आणि रागाला घर लागतं. ते पिंजाऱ्याचं निघालं. मोहियोद्दीनचा रझाकारांशी संबंध एवढाच, की जाताना ते त्याच्याकडच्या गाद्या उचलून घेऊन गेले होते. पण त्या आठवड्यात एवढ्या खोलात जायला कोणाला सवड नव्हती.

एका संध्याकाळी माणसं पलिते घेऊन आजीच्या दारात आली. पुढं संतराम. त्याच्या शेजारी, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, माझे वडील. पलिते पेटलेले नव्हते. माणसाला पाप करतानाही परंपरा लागते. आणि दिवेलागणीनंतर विस्तव मिळत नाही हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळं, घर जाळायला निघालेली ही माणसं दिवस मावळायच्या आतच आली होती. कायदा मोडायची कोणाचीच इच्छा नव्हती.

"मोठीमाय, विस्तव पायजे," संतराम म्हणाला.

"कशाला?"

"तुमाला ठाव हाय."

"मला हाय. तू तोंडानं म्हन."

संतरामनं पलिता दुसऱ्या हातात घेतला. "पिंजाऱ्याचं घर जाळाचं हाय."

"मंग काडी लाव की. बिडी वढतूस, खिशात पेटी आसंलच."

"न्हाई. होळी तुमच्या विस्तवानं पेटती. माझ्या भावाला आग दिली ती तुमच्याच विस्तवानं. हे बी त्यानंच व्हावं."

"बराबर हाय," आजी म्हणाली. "इचार चांगला केला. पर हा विस्तव माझा न्हाई."

संतरामनं तिच्या खांद्यावरून आत चुलीकडं पाहिलं.

"आपून पल्याड गेलतो तवा म्या तो खतीजाच्या चुलीत ठिवला. कापसाच्या घरात तिनं सांभाळला. हिंदूची आग काहून जपून राहिलीस म्हून रझाकार तिच्या दारात दमदाटी करून गेले. तरी तिनं इझू दिला न्हाई. तुझ्या भावाला लागलेली आग, संतराम, तिनं जगवली. आल्यापासून तुमी ज्याच्यावरची भाकरी खाऊन राहिले, तो विस्तव तिचा हाय. त्यानं तिचंच घर जाळाचं, तर तिला इचारावं लागंल."

गर्दीतल्या काहींचा हात पोटाकडं गेला, असं आत्या सांगते. पण खाल्लेल्या भाकरी परत करायची काही सोय नव्हती.

"उत्तम," आजी म्हणाली, "घागर आन."

वडिलांनी घागर आणली. ती आपण होऊन आणली, असं ते म्हणतात. आत्या म्हणते, "आनली खरी. पर आधी पलिता खाली टाकावा लागला तुला, दादा."

आजीनं चुलीला हात लावून कपाळाला लावला आणि घागर ओतली.

हा आवाज घरात कोणी कधी ऐकला नव्हता. राख उडाली, वाफ आढ्यापर्यंत गेली. नवरा गेला तेव्हा, गाव सोडलं तेव्हा जो विझला नव्हता, तो सासवांच्या सासवांनी सांभाळलेला विस्तव आजीनं स्वतःच्या हातानं विझवला. ती रडली नाही. तिनं पदर खोवला आणि रिकामी घागर भिंतीशी ठेवली. माझ्या आयुष्यात मी बरीच भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. त्या घागरीपुढं ती सगळी ओली लाकडं आहेत.

मग तिनं कोनाड्यातलं खापर घेतलं आणि ती बाहेर पडली. गर्दीनं वाट दिली. गर्दीला दुसरं काही सुचलं नाही. आजी गल्लीतून पिंजाऱ्याच्या दाराशी गेली. दाराला आतून कडी. मागोमाग माणसं.

"खतीजे."

आत सामसूम.

"खतीजे, मी हाय, द्वारका. विस्तव मागाया आलते."

"बाई?" आतून बारीक आवाज आला. "दरवाजा खोलू क्या?"

आजीनं मागं वळून पाहिलं. देवळातला दिवा लागला होता.

"नको. दिवे लागले. आता तू दिलास तरी मी घ्यायची न्हाई. सकाळी दे. तवर हिथंच बसते."

आणि ती ओट्यावर दाराला पाठ लावून बसली. मांडीवर खापर.

"मोठीमाय, उठा. घरी चला," संतराम म्हणाला.

"घरी काय करू? चूल थंडी हाय."

"मी देतो ना काडीपेटी!"

"मला तुझी काडी नको. मला माझा विस्तव पायजे."

संतराम तिथंच उभा राहिला. पलित्याचं तेल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मंजुळाबाई दिसली. संतरामची आई, जिचा धाकटा गेला ती. हातात खापर. ती कोणाकडं न बघता आली आणि आजीच्या शेजारी बसली.

"माय, तू काहून?" संतराम पुढं झाला.

"मला बी सकाळी भाकरी टाकाची हाय."

"माय!"

"ती माझ्या लेकराला लागलेली आग हाय," मंजुळाबाई म्हणाली. "आता तेवढीच राहिली. ती बी इझू देऊ व्हय?"

नंतर एकेक बाई येत गेली. कोणाची बायको, कोणाची वहिनी, कोणाची सासू. प्रत्येकीच्या हातात खापर. ओटा भरला, मग पायऱ्या, मग गल्ली. घर जाळायचं म्हटलं तर आता आधी आपल्या घरातली माणसं जाळावी लागणार होती. बाप्ये थोडा वेळ उभे राहिले, आणि मग घरी कोणी जेवायला वाढणार नाही हे लक्षात आल्यावर उपाशीच निजायला गेले. संतराम गेला नाही. पलिता भिंतीला टेकवून तो आईच्या पायाशी बसला.

सकाळी खतीजाबीनं कडी काढली. ती रात्रभर चुलीपाशीच होती. बाहेर कोण आहे, याहून आतला निखारा विझेल याचीच तिला जास्त भीती वाटली, असं ती पुढं सांगायची. दारात एवढ्या बाया बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"इत्ते लोगां? क्या होना, बाई?"

"विस्तव," आजी म्हणाली. "पयला मंजुळेला दे."

खतीजाबीनं पळीनं एकेकीच्या खापरात निखारा घातला. मंजुळाबाईनं आपलं खापर संतरामच्या हातात दिलं आणि ती पुढं चालू लागली. तो ते दोन्ही हातांनी धरून तिच्यामागून गेला, तिरडीपुढचं मडकं नेताना चालतात तसा.

आजी सगळ्यांत शेवटी उठली. निखारा खापरात पडला तेव्हा खतीजाबीनं विचारलं, "बाई, जळलं असतं तर?"

"तर आधं-आधं," आजी म्हणाली.

घरी येऊन तिनं ओली चूल कोरडी केली, सारवली, विस्तव ठेवला आणि फुंकला. पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा त्यात टाकला. वडील तेव्हा मागं उभे होते. हे आत्यालाही मान्य आहे.