दोन देशांचा थेंब

प्रयोगशाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेचं भांडं, त्यात शाईसारखं काळं पाणी. पांढऱ्या कोटातल्या संशोधकाने डोळे मिटले, कुपी रिती केली, जरासं ढवळलं, आणि पाणी स्वच्छ! टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं. लोक त्याला थेंबमहाराज म्हणत आणि तो नको नको म्हणत ते गोड मानून घेई.

"माझे जिवाणू विष खातात!" तो गरजला. "नदीतलं खातात, रक्तातलं खातात! यांना पासपोर्ट लागत नाही. दोन देशांची मैत्री या कुपीत राहते!"

मैत्री कुपीत नव्हती, निधीत होती. या जिवाणूंवर जैवतंत्रज्ञानातलं संयुक्त संशोधन करायला दोन्ही देश अर्धा-अर्धा पैसा घालणार होते आणि आज सह्या होत्या. इकडची सही प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंची. पैशाअभावी त्यांची प्रयोगशाळा बंद पडायला आली होती. तिकडच्यांनी थेंब तपासलेच असणार, असं धरून त्यांनी होकार दिला होता. गरजवंताला अक्कल नसते, ते हे असं.

बाईंनी पेन उचललं तोच त्यांचा धाकटा भाऊ बायकोच्या आधाराने पुढे आला. चेहरा सुजलेला, धाप लागलेली.

"डायलिसिसला गेला होतास ना रे?"

"सोडलं, ताई. हल्ली महाराजांचे थेंबच घेतो."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय? तुझी सही होणार म्हणजे खात्रीचंच की."

 बाई परदेशी पाहुण्यांच्या प्रमुखाकडे वळल्या. "तुमच्याकडे हे तपासलं कोणी?"

तो गोंधळला. "आम्हाला वाटलं, तुम्ही तपासलंय."

दोन घरचा पाहुणा उपाशी!

"चल, आधी दवाखान्यात," बाई भावाला म्हणाल्या.

"खोटं आहे ना? मग दाखव. त्याशिवाय हलणार नाही." हट्टी लहानपणापासूनच होता.

बाईंनी दुसरी कुपी बर्नरवर खळखळ उकळली.

"अहो, जीव आहेत ते! मरतील!" महाराज किंचाळला.

"मरू देत. मेलेले काही खात नाहीत."

उकळलेला थेंब दुसऱ्या भांड्यातल्या काळ्या पाण्यात पडला. पाणी पुन्हा स्वच्छ! महाराज पांढरा पडला. लोकांनी मात्र दुप्पट टाळ्या पिटल्या. "मेले तरी काम करतात!" कोणीतरी भक्तिभावाने ओरडलं. मूर्खपणाला औषध नाही.

"अहो, जिवाणू नाहीतच त्यात!" बाई संतापल्या. "काळं दिसतं ते आयोडीन आणि कांजी. शाळेतली पोरं करतात हा प्रयोग." त्यांनी कपाटातली क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून तिसऱ्या भांड्यात ओतली. काळेपणा गेला. टाळी एकही वाजली नाही. महाराज मागच्या दाराने पसार झाला.

"म्हणजे मी गोळीचं पाणी पीत होतो?" भाऊ उठला आणि तिथेच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"ताई," भावजय कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला तुम्हाला. आधी का नाही बघितलंत?"

"वाटलं, त्यांनी बघितलं असेल."

भावजयीने तोंड फिरवलं.

तेव्हा बाबांनो, चमत्काराला हात जोडण्याआधी विचारा, तपासलं कोणी? 'त्यांनी तपासलं असेल' असं उत्तर आलं, तर कोणीच तपासलेलं नाही असं समजा आणि स्वतः उठा. माणूस जिवंत असताना उठा.