पाठीशी वारा

जानराव वाऱ्याला भीत असे, आणि ते उगाच नव्हतं. बीटी कपाशी पेरली की फवारणीचं काम नाही, असं सांगून बियाणं गळ्यात मारलं होतं म्हणे! बोंडअळी यायची ती आलीच. धाकटा भाऊ मोतीराम वाऱ्याकडे तोंड करून अळीवरचं विष फवारत राहिला आणि दिवस मावळायच्या आत गेला. तेव्हापासून मोताळ्याकडच्या त्या शिवारात जानरावाचा एकच हेका: वारा पाठीशी घ्या.

आणि लेक बघा! दीपमाला, पुण्याला नोकरीला, पोळ्याला घरी आली ती मोबाइलमधले फोटो दाखवतच. भला मोठा पतंग कमरेला बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा ओढील तसं समुद्रावर पळायचं. कोकणात थोडंफार शिकली होती. आता मैत्रिणीसोबत ओमानला जायचं होतं, वाळवंटाच्या काठी, जिथं कोसकोस माणूस नाही.

"काऊन वं माय, जमिनीवर मरण भेटत नाही का तुले?" जानरावानं मोबाइल दूर सारला.

"बाबा, तिथं दोन किनारे हायेत. एकावर वारा समुद्राकून येते, तोंडावर. दुसऱ्यावर वाळवंटाकून, पाठीमागून. तिथं पाणी कसं सपाट! पण शिकवणारे सर म्हणतेत, पहिलाच घे."

"त्या सराले काय समजते? तोंडावर वारा घ्याचा नाही. घे माह्या गळ्याची शपथ!"

तिनं हसत हसत घेतली. सपाट पाण्याचा मोह तिलाही होताच.

ती निघाली त्या दिवशी जानराव फवारणीचा पंप घेऊन कपाशीत शिरला, वारा पाठीशी घेऊनच. एकदम झोत आला आणि खांद्यावरचा दुपट्टा उडाला. जानराव मागं धावला, पण हाती लागेल तर शप्पथ! दुपट्टा शेताच्या बांधाचा धुरा ओलांडून नाल्यापार गेला आणि दिसेनासा झाला.

तो धुऱ्यावर उभा राहून बघत राहिला. अरे देवा! विष पुढं जावं म्हणून तर वारा पाठीशी घ्यायचा. मग पतंगाला बांधलेली पोर कुठं जाईल? पुढंच. आणि पुढं सगळा समुद्र. तोंडावरचा वारा निदान काठाला तरी आणून टाकेल.

त्यानं फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला.

"बोला बाबा, विमानतळावर हावो."

"माय, तो सपाट पाण्याचा किनारा नको. पाठीवरचा वारा तुले आत घेऊन जाईन. शपथ मोड."

"गळ्याची हाये, बाबा. मोतीरामकाकानं आजीच्या गळ्याची मोडली अन् आजी गेली, असं तुमीच सांगता."

"हाव, सांगतो. अजूनबी खरंच मानतो. तरी मोड! मले व्हाचं ते होऊ दे."

पलीकडे ती रडायला लागली. रडतरडतच म्हणाली, "मोडली."

जानरावाचा हात आपसूक गळ्याशी गेला.