राव आणि भाई

गुजरातेतल्या एका शहराच्या शालेय खो-खो समितीने १९९७ साली संघांच्या समतोलावर बैठक घेतली. खासगी शाळांच्या मुलींचा गट वेगळा असावा, ही सरकारी शाळांची मागणी तीत एकमताने फेटाळण्यात आली. खेळात भेदभाव नको, असे कारण नोंदवले गेले. त्याच महिन्यात गोत्रीच्या एका खासगी शाळेने वाडी भागातल्या सरकारी मराठी शाळेच्या बारा खेळाडूंपैकी तिघींना फी माफ करून, बूट देऊन नेले. भेदभाव खरोखरच उरला नाही.

उरल्या नऊ. मैदानात उतरायला नऊच लागतात. चौथे बोलावणे नववीतल्या संयोगिता मोहितेला होते. मैत्रिणींना सोडून येत नाही, असे तिने कळवले. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता आणि तिला तिथे याच आठ जणींबरोबर जायचे होते.

वाडीचे क्रीडाशिक्षक जनार्दन स्पर्धेचा अर्ज भरायला बसले, तेव्हा शाळेच्या रजिस्टरात तिच्या वडिलांचे नाव 'सुभानभाई' दिसले. प्रवेश देणाऱ्या कारकुनाने गुजराती रिवाजाप्रमाणे सर्वांनाच भाई करून टाकले होते. सुभानराव मोहिते कारखान्याच्या फाटकावर पहारा देत. पणजोबा गायकवाडी फौजेत होते आणि 'राव' म्हटले की सुभानरावांची पाठ अजूनही ताठ होई. जनार्दनांनी अर्जावर ठळक अक्षरांत 'सुभानराव' लिहिले. आयुष्यातला त्यांचा हा एकमेव ऐतिहासिक न्याय.

अंतिम सामन्याच्या सकाळी गोत्रीचे प्रशिक्षक प्रतापसिंहराव यांनी हरकत घेतली: संयोगिताचा रजिस्टरात एक बाप, अर्जात दुसरा. 

समितीचे सचिव पद्माकर हे संस्थानी कारभाऱ्यांच्या घराण्यातले; तिला बाद करणारा कागद त्यांच्यापुढे होता.

"साहेब, राव काय नि भाई काय, माणूस एकच ना?" जनार्दन म्हणाले.

"मला ठाऊक आहे हो. माझ्या दाखल्यावरही पद्माकरभाईच आहे."

"मग?"

"मला ठाऊक आहे. समितीला नाही."

"समिती म्हणजे तुम्हीच की!"

"आत्ता नाही. आत्ता मी सही करतोय."

पलीकडे गोत्रीने नेलेल्या तिघींपैकी वैष्णवी नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती. मागच्या वर्षापर्यंत ती वाडीच्या शाळेत संयोगिताच्याच बाकावर बसे.

"वैष्णवी, तू तरी सांग गं यांना, मी कुणाची ते!"

वैष्णवीने प्रशिक्षकांकडे पाहिले. "मने शुं खबर?" मला काय ठाऊक, असे ती गुजरातीत म्हणाली आणि दुसरी नाडी हातात घेतली.

पंचांनी पुकारा केला तेव्हा वाडीच्या आठ जणी मैदानातल्या आठ चौकोनांत जाऊन बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. धावणारी नववी तेवढी नव्हती. नियमानुसार सामना गोत्रीला बहाल झाला. बराच वेळ त्या उठल्या नाहीत. शेवटी पुढच्या सामन्यासाठी त्यांना उठवावे लागले.

"पोरी, खेळ झकास आहे तुझा," जाता जाता प्रतापसिंहराव म्हणाले. "जूनमध्ये ये. अर्ज आमच्याकडे नीट भरतात."

समितीच्या वार्षिक अहवालात सरकारी शाळांमधील उत्साहाच्या अभावाबद्दल खेद आहे.

जूनमध्ये सुभानराव इस्त्रीचा सदरा घालून मुलीबरोबर गोत्रीला गेले. खिडकीमागच्या कारकुनाने विचारले, "पितानुं नाम?"

सुभानरावांनी घसा साफ केला. त्यांनी तोंड उघडण्याआधीच संयोगिता म्हणाली, "सुभानभाई."

कारकुनाने लिहून घेतले. बुटाचा नंबर त्याने नंतर विचारला.